सीपीएने सांगितलं म्हणून उत्पन्न दाखवलं नाही, आयआरएसची 20% पेनल्टी टळते का?

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या टॅक्सची माहिती असलेल्यांनी प्लीज मदत करा, भाऊ फार टेन्शनमध्ये आहे. भारतातल्या एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या) एफडीचं व्याज त्याच्या तिथल्या रिटर्नमध्ये दोन वर्षं आलंच नाही आणि आता आयआरएसवाले (तिथलं इन्कम टॅक्स खातं) ऑडिटमध्ये टॅक्सवर निष्काळजीपणाची 20% पेनल्टी लावतायत. टॅक्स आणि त्यावरचं व्याज तो भरतोय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पहिल्या वर्षी त्याने बँकेची सगळी स्टेटमेंट्स सीपीएला (तिथल्या सीएला) पाठवून मेलवर सरळ विचारलं होतं की हे दाखवायचं का, तर उत्तर आलं "तिकडे टीडीएस कापलाय, इथे गरज नाही". तो मेल आहे. मग त्याला निष्काळजी कसं म्हणतात?

निओनॅटॉलॉजी असोसिएट्स केसमध्ये (2000) सल्ल्यावर विसंबल्यामुळे पेनल्टी माफ होते का हे ठरवताना टॅक्स कोर्टाने तीन गोष्टी बघितल्या: सल्लागार जाणकार होता का, त्याला पूर्ण आणि खरी माहिती दिली होती का, आणि करदाता खरंच त्याच्या सल्ल्यावर विसंबला का. पहिलं वर्ष यात बसतं असं वाटतं. अडचण दुसऱ्या वर्षाची आहे, तेव्हा स्टेटमेंट्स पाठवली पण प्रश्न परत विचारला नाही, सीपीएनेही काही न लिहिता रिटर्न बनवून सहीला पाठवलं. याला सल्ला धरतात का?

प्रतिसाद: ताई, नुसतं रिटर्न बनवून देणं म्हणजे सल्ला नाही असंच आयआरएसवाले म्हणणार. म्हणून दोन्ही वर्षांचे मेल एकत्र लावा आणि परिस्थिती तीच होती, म्हणून आधीचाच सल्ला लागू धरला असं लिहा. शेड्यूल बी मध्ये (रिटर्नमधला व्याजाचा भाग) परदेशी खात्याच्या प्रश्नाला "हो" केलंय का ते आधी बघा, केलं असेल तर लपवायचा हेतू नव्हता हे दिसतं. टीडीएसचं क्रेडिट फॉर्म 1116 वर (परदेशात भरलेल्या टॅक्सची वजावट मागायचा फॉर्म) मागा, पेनल्टी कमी भरलेल्या टॅक्सवर असते, त्यामुळे तीही कमी होईल. आणि हो, हा बचाव घेतला की सीपीएबरोबरचे बाकीचे मेलही मागू शकतात, ते वाचून ठेवा. उत्तर त्याच सीपीएकडून लिहून घेऊ नका, स्वतःची चूक तो कशाला मान्य करेल.

धन्यवाद दादा. शेड्यूल बी वर "हो" आहे, आत्ताच भावाला विचारलं! आता दुसरा सीपीए बघावा की टॅक्स वकील?