शोगायाकी : मांस आधी मुरवावे की रस शेवटी घालावा?

कावासाकीकर (धागाकर्ती)

जपानमध्ये राहणाऱ्या आणि पोर्क खाणाऱ्या मराठी घरांत कामाच्या दिवशी रात्री पटकन होणारा पदार्थ म्हणून शोगायाकीचे नाव वारंवार निघते. शोगा म्हणजे आले, आणि याकी म्हणजे भाजलेले किंवा परतलेले. डुकराच्या मांसाचे पातळ काप, सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि किसलेले आले एवढ्या सामानात तो होतो. येथील खाणावळीत भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे खारट वाटण) घातलेले सूप आणि बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीबरोबर तो ताटात येतो. बहुतेक पाककृतींत काप सोया सॉस आणि आल्याच्या रसात वीस-तीस मिनिटे मुरवायला सांगितलेले असते. ही पायरी सरळ वगळावी, असे माझे ठाम मत आहे. वेळ वाचतो हा त्यातला लहान फायदा झाला. मुख्य म्हणजे पदार्थ चांगला होतो.

सोया सॉसमधले मीठ मांसातील पाणी बाहेर ओढते. आल्यात प्रथिने तोडणारे विकर असते, त्यामुळे जाड तुकडा मऊ होतो हे खरे. पण तीन मिलिमीटरचा काप फार वेळ ठेवला तर तो मऊ न होता भुसभुशीत होतो. शिवाय असे ओले काप तव्यात टाकले की तवा गार पडतो, मांस परतले जाण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजते, आणि त्याला रंग येण्याआधीच मिरिनमधली साखर तळाला करपू लागते.

चौघांसाठी मी ४०० ग्रॅम रोसू, म्हणजे पाठीचे मांस घेते. दुकानात ‘शोगायाकीसाठी’ असे लिहिलेले तयार काप मिळतात. चरबी आणि मांस जिथे जुळतात तिथल्या पांढऱ्या शिरेवर सुरीच्या टोकाने चार-पाच चिरा द्याव्यात, नाहीतर काप तव्यात वाटीसारखा वळतो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. त्यावर काताकुरिको, म्हणजे बटाट्याचे स्टार्च, हलकेच भुरभुरावे. तेल चांगले तापल्यावर काप एकेक करून पसरावेत, एक बाजू तांबूस होईपर्यंत त्यांना हात लावू नये, आणि उलटल्यावर गुलाबीपणा गेला की सोया सॉस, मिरिन आणि साके प्रत्येकी दोन मोठे चमचे आणि एक मोठा चमचा किसलेले आले असा आधीच कालवून ठेवलेला रस ओतावा. सुरुवातीला त्याचे बुडबुडे बारीक आणि पाणचट असतात. मिनिटभरात ते मोठे, चकचकीत होऊन सावकाश फुटू लागले की आच बंद करावी. मी थोडे आले मागे ठेवून आच बंद केल्यावर घालते, कारण ताज्या आल्याचा सुगंध उष्णतेने लवकर उडतो.

नागोयाकर

ताई, आपली पद्धत चवीला उत्तम असेल यात मला शंका नाही, पण कामाच्या दिवसाचा जो हिशेब आपण मांडला आहे तो मला पटत नाही. आपण तव्यासमोर दहा मिनिटे सलग उभ्या राहू शकता, असे त्यात गृहीत धरले आहे. मी मुलीला पाळणाघरातून घेऊन सात वाजता घरी येते. त्या वेळी शिरा चिरणे, स्टार्च लावणे, आले किसणे आणि रस कालवणे ही चार कामे मला चाळीस कामांसारखी वाटतात.

येथील घरांत ‘शिता-आजी रेइतो’ ही पद्धत चांगली रुळली आहे : मांस रसासकट पिशवीत भरायचे, पिशवी सपाट करून गोठवायची आणि वापरण्याच्या दिवशी सकाळी खालच्या कप्प्यात ठेवायची. मी रविवारी अशा तीन पिशव्या भरते. संध्याकाळी फक्त तवा तापवायचा असतो, आणि हे काम मला उशीर झाला तर माझे यजमानही कोणतीही सूचना न विचारता करतात. तसेच, मी रोसू घेत नाही. कोमागिरे, म्हणजे निरनिराळ्या भागांचे लहान तुकडे, स्वस्त असतात, त्यांत चरबी असते आणि मुरवल्याने ते बिघडल्याचा अनुभव मला एकदाही आलेला नाही.

म्हापसेकर

मी जपानला कधी गेलेलो नाही, पण पोर्क लहानपणापासून खात आलो आहे, म्हणून लिहितो. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत विंदालूचे मांस व्हिनेगर, मीठ आणि वाटलेल्या मसाल्यात रात्रभर राहते, आणि सोरपोतेल तर केल्या दिवशी न खाता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खावे, असे तेथील जाणती माणसे सांगतात. मुरवल्याशिवाय पोर्कचा उग्र वास जाईल कसा, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे : तीन-चार मिनिटांत हे मांस पुरते शिजते का? पोर्क कच्चे राहू नये, ही आमच्याकडची पहिली शिकवण आहे.

कावासाकीकर (धागाकर्ती)

काका, आपला दुसरा प्रश्न आधी घेते. जपानमध्येही हीच शिकवण आहे. २०१५ च्या जूनपासून येथे डुकराचे मांस आणि यकृत कच्चे खाण्यासाठी विकण्यावर कायद्याने बंदी आहे. मांसाच्या मध्यभागी ७५ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक घरांतही पाळला जातो. जाड तुकड्याला त्यासाठी वेळ लागतो. तीन मिलिमीटरच्या कापाला आधी तव्याची आणि मग उकळत्या रसाची उष्णता मिळते, त्यामुळे गुलाबीपणा पूर्ण गेल्याची खात्री करून तो उतरवला की काम होते.

वासाचे म्हणाल तर तो साके आणि आले घालवतात. विंदालूचे तुकडे जाड असतात, त्यांच्या आत चव पोचवायला रात्र लागते. शोगायाकीच्या कापाला ‘आत’ असे काही नसतेच, चव बाहेरून चिकटली की ती सगळीकडे असते.

नागोयाकर ताई, कोमागिरेच्या बाबतीत मी माझे म्हणणे मागे घेते. चरबीचे लहान तुकडे सुकत नाहीत. रोसूच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. आपण कोमागिरेच गोठवत असाल तर एक विनंती आहे : पिशवीतील सगळे एकदम तव्यात उलटे करू नका. तुकडे आधी चिमट्याने निथळून परता आणि उरलेला रस शेवटी घालून चांगला उकळू द्या, कारण तो कच्च्या मांसाला लागलेला असतो.

चिबाकर

माझे लग्न जपानी कुटुंबात झाले आहे आणि हा पदार्थ मी सासूबाईंकडून शिकले. त्या मांस मुरवतात, पण कांदा चिरून होईपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच मिनिटे, आणि तेही फक्त साके आणि आल्याच्या रसात. सोया सॉस तव्यातच घालतात. त्यामुळे मीठ मांसाचे पाणी ओढत नाही आणि वासही जातो. मला वाटते, ही वाट आपणा दोघींच्या मधली नसून दोघींपेक्षा चांगली आहे.

पण मिठाचा मुद्दा कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटले. नेहमीच्या कोइकुची, म्हणजे गडद रंगाच्या, सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असते. येथील आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला साडेसहा ग्रॅमपेक्षा कमी मीठ हे लक्ष्य आहे. मुरवलेले मांस निथळले तर काही मीठ रसाबरोबर जाते. रस तव्यात आटवला तर सगळे ताटात येते, आणि वर मिसो सूप असतेच. स्वयंपाकासाठी मिळणाऱ्या ‘र्योरिशू’ या साकेत मीठ घातलेले असते, तेव्हा पिण्याचे साधे साके वापरावे, एवढे तरी करावे.

कावासाकीकर (धागाकर्ती)

मिठाचे आपले म्हणणे योग्य आहे. आजपासून सोया सॉस दीड चमचा करते आणि आले वाढवते. स्टार्चमुळे रस मांसाला धरून राहतो, म्हणून कमी पुरेल असे वाटते. कोबी मात्र मी तशीच भरपूर वाढणार; ताटातला रस ती शोषते आणि माझी मुले एरवी न खाल्ली जाणारी कोबी त्या निमित्ताने संपवतात.

नागोयाकर

काल पिशवीतले तुकडे निथळून परतले. रंग खरोखर आला, कडा किंचित कुरकुरीत झाल्या आणि तवा घासायला निम्मा वेळ लागला, हे मान्य करते. निथळण्यात गेलेली तीन मिनिटेही मोजली आहेत. मुलीने मात्र पहिल्या घासालाच विचारले की भातावर घ्यायला रस इतका कमी का आहे. त्यामुळे पिशव्या रविवारीच भरल्या जातील, आणि पुढच्या वेळी रसात कांदा जास्त घालीन.