अनुभव धागा: अन्याय करणारे सुखात असताना देवाच्या न्यायावरचा विश्वास

देवाच्या काठीला आवाज नसतो, असे आपण म्हणतो; पण ती काठी पडलेली पाहण्याआधीच कित्येकांचे आयुष्य सरते. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला हेच विचारते की, कपटाने राज्य घेणारा दुर्योधन वैभवात आणि धर्माने वागणारे आपण अरण्यात, तर विधात्याला काय म्हणावे. फळावर डोळा ठेवून धर्माचा व्यापार करणारा हीन होय, असे युधिष्ठिर सांगतो. त्यावर ती म्हणते की मी धर्माची निंदा करीत नाही, दुःखाने बोलते आहे. या धाग्यावरही तितक्याच मोकळेपणाने लिहावे. विनंती एकच: ‘त्याला शेवटी कसे भोगावे लागले’ अशा कथा नकोत, कारण दुसऱ्याच्या आजारपणात देवाचा निवाडा शोधणे मला तरी बरे वाटत नाही.

शेतकरी कुटुंबातील मुलगा, सातारा जिल्हा

आमच्या चुलत्यांनी दरवर्षी नांगरटीच्या वेळी थोडाथोडा बांध कोरला. वडिलांनी मोजणीचे पैसे भरले, भूमापक येऊन हद्दीच्या खुणा करून गेले आणि पुढच्या नांगरटीत त्या खुणाही नाहीशा झाल्या. दिवाणी दावा अकरा वर्षे चालला. तेवढ्या काळात चुलत्यांचा ऊस वाढला, दुमजली घर झाले, मुलगा नोकरीला लागला. आमच्याकडे तारखांचे कागद तेवढे वाढले.

दोघेही माळकरी आणि एकाच दिंडीतले. वारीत लहानथोर सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्याप्रमाणे एका वर्षी वाखरीच्या तळावर चुलते ‘माऊली’ म्हणत वडिलांच्या पायांवर वाकले, आणि रीत म्हणून वडिलांनाही वाकावे लागले. मी तेव्हा सोबत होतो आणि हा ढोंगीपणा पाहून संतापलो होतो. रात्री राहुटीत मी विचारले, विठ्ठलाकडे न्याय मागणार की नाही? वडील म्हणाले, “दावा कोर्टात हाय, तो तिथंच चालू दे. त्याच्या पाया पडताना मन आलं न्हाई, तेवढंच इठ्ठलाला सांगायचंय.” निकाल लागण्यापूर्वीच ते गेले. वारस म्हणून दाव्यात माझे नाव लागले आणि दिंडीतली त्यांची जागाही मीच घेतली. मन मात्र माझेही अजून येत नाही.

निवृत्त परिचारिका, विदर्भ

निवृत्तीची बरीचशी रक्कम मी एका पतसंस्थेत ठेवली, कारण तेथे व्याज दोन टक्क्यांनी जास्त होते. बँकेतील 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतील ठेवींना ते नसते, हे मला संस्थेला कुलूप लागल्यावर कळले. त्याच वर्षी आमच्या भागातील सार्वजनिक गणपतीच्या आरतीचा मान त्या संस्थेच्या एका संचालकांना मिळाला. मी प्रसाद न घेता घरी आले आणि पुढची तीन वर्षे देवापुढे निरांजन लावले नाही. आता ठेवीदारांच्या बैठकीत वृद्धांचे दाव्याचे अर्ज मी भरून देते. हा न्याय देवाने करायचा की अवसायकाने, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची देणी मिटवणाऱ्या अधिकाऱ्याने, हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. निरांजन पुन्हा केव्हा लावू लागले, ते नेमके सांगता येणार नाही.

शिक्षिका, अहिल्यानगर

खोट्या तक्रारी करून माझी बढती घेणाऱ्या सहकाऱ्याकडे रोज पाहत असताना मला बायबलमधील 73 व्या स्तोत्राचा आधार वाटला, आणि तोही त्यातील कबुलीमुळे. दुष्टांचे सौख्य पाहून आपल्याला हेवा वाटला व पाय घसरण्याच्या बेतात होता, हे स्तोत्रकर्ता आसाफ लपवत नाही. माझ्या ज्या रागाला मी न्यायाची चाड समजत होते, त्यात निम्मा हेवा होता. अन्याय झाला हे त्यामुळे खोटे ठरत नाही, पण माझी प्रार्थना बदलली.

गृहिणी, रत्नागिरी

पीडिताची हाक आणि अल्लाह यांच्यामध्ये पडदा नसतो, असे आमच्याकडे मानतात. भाड्याच्या घरातून आम्हांला फसवून काढले गेले तेव्हा आईने त्या माणसासाठी तोंडातून शापाचा शब्द काढला नाही; ऐकले जाईल, याचीच तिला भीती वाटत होती.

नाव नको, निवृत्त कर्मचारी

मी दुसऱ्या बाजूचा आहे. एका कार्यालयात पंचवीस वर्षे मी फाईल पुढे सरकवण्याचे पैसे घेतले. कधी पकडला गेलो नाही, प्रकृती उत्तम आहे, मुले सुस्थितीत आहेत. म्हणजे येथे सगळे ज्याच्याबद्दल लिहीत आहेत तो मीच. एका विधवा बाईंनी वारसनोंदीसाठी दिलेल्या नोटा हळदीच्या डब्यातल्या असाव्यात, कारण त्या पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यांना वासही येत होता. मी त्या मोजून घेतल्या. देव आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच घरात सगळे सुरळीत चालले असले की मला झोप लागत नाही. बाईंचा पत्ता शोधून दोनदा त्या गावापर्यंत गेलो आणि एसटी स्टँडवरूनच परतलो. रक्कम पाकिटात घालून ठेवली आहे.