मदत हवी आहे: जुन्या निकॉर ४३-८६ झूमला लेन्स प्रोफाइल कोणतं लावावं?

नमस्कार मंडळी,
काकांची निकॉर ४३-८६ एमएम एफ/३.५ (एआय) सध्या माझ्या निकॉन डी७५० कॅमेऱ्यावर आहे. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग टिपला, तर वाइडला रेषा बाहेर फुगतात आणि ८६ कडे गेलं की आत ओढल्या जातात. या लेन्सची ख्यातीच तशी आहे म्हणा! हा वाकडेपणा (डिस्टॉर्शन) सॉफ्टवेअरमध्ये सरळ करायला त्या लेन्सची मोजमापं, म्हणजे लेन्स प्रोफाइल, लागतं. पोर्ट्रेटला रंग मात्र झकास येतात, त्यामुळे विकायची नाही.

अडचण अशी, की कॅमेऱ्याला स्वतःची माहिती देणारी चिप या लेन्सला नाही. कॅमेऱ्याच्या नॉन-सीपीयू डेटात (बिनचिपच्या लेन्सची माहिती भरायच्या मेनूत) मी फोकल लेंग्थ ५० भरलीय, पण झूम फिरवला तरी एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) ५०च राहतं. म्हणजे प्रोफाइल मिळालं तरी डार्कटेबलमध्ये (फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक फोटोला फोकल लेंग्थ हातानेच द्यायची ना?

दुसऱ्या झूमचं 'जवळपासचं' प्रोफाइल लावावं, असा पर्याय असतो, पण तो मला पटत नाही. डिस्टॉर्शन उलटं होण्याची जागा प्रत्येक लेन्समध्ये वेगळी असते. हगिनमध्ये (पॅनोरामा जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतः कॅलिब्रेट करून लेन्सफनसाठी, म्हणजे डार्कटेबल वापरतं त्या प्रोफाइल-संग्रहासाठी, प्रोफाइल बनवलंय का कुणी? झूमच्या ४३, ५०, ७०, ८६ एवढ्या जागा मोजल्या तर पुरतील का? व्हिनेटिंग (कोपरे काळवंडणं) तसंच राहिलं तरी चालेल.

या कॅलिब्रेशनच्या फोटोंसाठी पुण्यात सरळ, लांबलचक रेषांची, समोर मोकळी जागा असलेली इमारतही सुचवा. पेठांत मागे सरकायला जागाच नाही!