दोघांसाठी हलका तंबू: गोव्याच्या हवेत कोणता टिकेल?

फोंड्याचा वाटसरू

नमस्कार. आम्ही उभयता फोंड्याला राहतो आणि गेली चार वर्षे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात चोर्ला घाटाच्या आसपास आणि घाटमाथ्यापलीकडे पाठीवर सामान घेऊन भटकतो. सध्याचा आमचा तंबू साडेतीन किलोंचा आहे. मागच्या डिसेंबरमध्ये त्याची फायबरग्लासची एक काठी उभी चिरली आणि तिची कूस हिच्या बोटात गेली, तेव्हापासून नवा तंबू घेण्याचे मनात आहे. तो दोन किलोंच्या आतला असावा, दोघांना खरोखर पुरावा आणि येत्या जूनमध्ये मनालीहून हामटा खिंडीत जायचे ठरले आहे, तिथेही चालावा, एवढी अपेक्षा आहे. खर्चाची मर्यादा वीस-पंचवीस हजार रुपये. ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहणारे एकपदरी तंबू किलोभराच्याही आत मिळतात, त्यांचा मोह होतो. ते आपल्याकडे घ्यावेत का? शिवाय कापडावर १५००, ३००० असे जे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात, त्यांना किती महत्त्व द्यावे?

सत्तरीचा रानगडी

एकपदरी तंबू आपल्याकडे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. आपल्या हवेत मुळातच ओलावा भरपूर, त्यात दोन माणसांचे श्वास, त्यामुळे पहाटेपर्यंत कापडाच्या आतल्या बाजूने थेंब धरतात. कोरड्या प्रदेशात राहणारे लोक या तंबूंची जी स्तुती करतात ती खोटी नाही, पण ती त्यांच्या हवेतली आहे. दुपदरी तंबूतही बाहेरच्या आच्छादनाला आतून पाणी सुटतेच. फरक इतकाच, की मधली जाळी ते तुमच्या स्लीपिंग बॅगपर्यंत सहसा पोहोचू देत नाही. झाडाच्या छायेत तंबू लावला तर दव बरेच कमी पडते, कारण पानांचे छत आकाशाच्या आड येते. (माडाखाली मात्र लावू नका, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.)

जाळीचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१५ साली सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार गोचिडींमार्फत पसरतो आणि त्याचा जोर नेमका आपल्या भटकंतीच्या कोरड्या महिन्यांत असतो. खालून उघडा असलेला किंवा तळ आणि जाळी यांत फट असलेला तंबू म्हणूनच मी रानात वापरणार नाही. तळाचे कापड वाडग्यासारखे वीतभर वर चढलेले असावे आणि जाळी त्याला सलग शिवलेली असावी.

मिलिमीटरच्या आकड्याचा अर्थ असा, की कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ धरला तरी ते झिरपत नाही. वरच्या आच्छादनाला १५०० पुरतात, कारण पावसाच्या थेंबांचा दाब त्याहून बराच कमी असतो. तळाला जास्त हवेत; ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. तंबू गळतो तो बहुधा कापडातून नव्हे, शिवणीतून. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे दुकानातच उजेडाकडे धरून पाहावे.

सड्यावरचा मुक्कामी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहिली. आपल्याकडची तंबू लावण्याजोगी मोकळी, सपाट जागा म्हणजे बहुतेक वेळा सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे पठार, आणि जांभ्यात खुंटी जात नाही. ट्रेकिंगच्या काठ्यांवरचा तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा असतो, त्यामुळे सड्यावर त्याचे काय होईल याची कल्पना करावी. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच घ्या. यातही एक मेख आहे. नेचरहाइकचा क्लाऊड अप हा दीड ते पावणेदोन किलोंचा तंबू आपल्या मर्यादेत बसतो आणि लोकप्रियही आहे, पण त्याची काठी पायांकडे एकाच ठिकाणी टेकते, म्हणजे तिकडचे दोन कोपरे खुंट्यांनीच ताणावे लागतात. चारही कोपऱ्यांत काठ्या पोहोचणारी रचना शंभर-दोनशे ग्रॅमनी जड पडते. आपल्या भागासाठी मी ते वजन आनंदाने उचलेन. क्वेचुआचा साधा दोन माणसांचा घुमट अडीच किलोंच्या आसपास जातो. तो स्वस्त आणि दणकट आहे, पण आपली अट मोडतो.

सड्यावर ताणदोरी थेट दगडाला बांधू नये, कारण ती घसरते. दोरीच्या फासात एक आडवी काटकी अडकवावी आणि काटकीच्या अलीकडे, तंबूच्या बाजूने, मोठा दगड टेकवावा. त्यासाठी दोन-दोन मीटरचे जादा दोरीचे तुकडे जवळ असू द्यावेत.

समुद्रकाठचा

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. वजनावर एवढी चर्चा होते, पण गोव्यात तंबू डोंगरावर मरत नाही, तो घरातल्या कपाटात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मरतो. स्वस्त तंबूंच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट हवेत तो लेप हळूहळू विघटित होतो, कापड चिकट होते, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी पापुद्रे सुटतात. एकदा हे सुरू झाले की उपाय नाही. माझा पहिला तंबू मी उण्यापुऱ्या दहा रात्री वापरला आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर फेकून दिला. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला हा रोग होत नाही, मात्र त्याच्या शिवणींना पट्टी चिकटत नाही, म्हणून तिथे सिलिकॉनचा द्राव स्वतः लावावा लागतो. बरेच मध्यम किमतीचे तंबू बाहेरून सिलिकॉन आणि आतून पॉलियुरेथेन असे असतात. ते घेतले तर उन्हात नव्हे, पंख्याखाली पूर्ण वाळवून, पिशवीत न कोंबता सैल ठेवावेत.

कापड नायलॉनचे की पॉलिएस्टरचे, हेही विचारून घ्या. नायलॉन ओलावा शोषून सैलावते, त्यामुळे संध्याकाळी ताठ लावलेला तंबू मध्यरात्री पोक काढतो आणि झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर फारसे सैलावत नाही आणि उन्हालाही अधिक काळ टिकते. काठ्या ॲल्युमिनियमच्याच घ्या, पण किनाऱ्यावर वापरल्यास सांधे आणि चेनचे सरकते तोंड गोड्या पाण्याने धुवा. खारा वारा दोन्ही खातो.

दोघांना पुरतो का, याचे उत्तर टेपने मिळते. नेहमीची गादी ५१ सेंटिमीटर रुंद असते, दोन मिळून १०२ झाल्या. बरेच हलके तंबू डोक्याकडे १३० आणि पायांकडे जेमतेम ११० सेंटिमीटर असतात. त्यात दोन नेहमीच्या गाद्या बसतात, रुंद गाद्या बसत नाहीत. दोन्ही बाजूंना दार आणि दोन पडव्या असाव्यात, ही माझी सूचना केवळ सोयीची नव्हे, गृहशांतीचीही आहे.

हामट्याबाबत सांगायचे तर खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे आणि तिथे पूर्ण जाळीचा तंबू थंड वाटेल. तरी त्यासाठी वेगळा तंबू घेऊ नका. बाहेरचे आच्छादन जमिनीपर्यंत उतरणारे बघा आणि वाचलेले पैसे चांगल्या स्लीपिंग बॅगवर घाला.

फोंड्याचा वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकपदरी तंबूचा विचार सोडून दिला आहे. चारही कोपऱ्यांवर उभा राहणारा, दोन दारांचा, दोन किलोंच्या काठावरचा तंबू पाहतो आहे. खाली अंथरण्याचे कापड कंपनीकडूनच घ्यावे का? त्याचे वजन आणि किंमत दोन्ही खटकतात.

सड्यावरचा मुक्कामी

गरज नाही. पावसाळ्यापूर्वी आपण घराला जे जाड प्लॅस्टिक बांधतो, त्याहून पातळ कागद बाजारात मिळतो, तो तळाच्या मापाचा कापा. मात्र चारही बाजूंनी चार बोटे आत कापा. बाहेर राहिलेली कड पाऊस गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते.