मदत हवी आहे : मोठा गेम तीन डिस्कवर कसा बसवायचा?

मंडळी, जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घेतलेल्या गेम्सचे ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून ठेवलेत. डीआरएमची (कॉपी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाची) भानगड नाही, म्हणून स्वतःपुरत्या डिस्क बनवून, कव्हर छापून कपाटात लावायचा बेत आहे (हौसेला मोल नाही!). छोटे गेम 4.7 जीबीच्या डीव्हीडीत आरामात मावतात. घोडं अडलंय ते मोठ्यांपाशी. एक इन्स्टॉलर जवळपास 60 जीबीचा आहे : एक सेटअप फाइल आणि मागे गेमचा डेटा असलेल्या बिन फायलींची रांग. 25 जीबीच्या तीन ब्लू-रेवर या फायली वाटल्या, तर इन्स्टॉल होताना पुढची डिस्क मागितली जाईल, की आधी सगळं एकाच फोल्डरमध्ये कॉपी करावं लागेल? राइट केल्यावर चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे पडताळायचा आकडा) कशाने तपासता? नंतर पॅच (गेममधल्या दुरुस्तीची फाइल) आला तर त्याची वेगळी डिस्क करता का? पेन ड्राइव्ह कृपया सुचवू नका, वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की त्यातला डेटा उडू शकतो.