तेराव्यानंतर घर रिकामं होतं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

माणूस गेलं की पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. शेजारून पिठलं-भात येतो, रात्री कुणी ना कुणी सोबतीला झोपतं. गोडाचं जेवण उरकलं की गाद्या गुंडाळल्या जातात, पाहुणे एस.टी. धरतात. दुःख खरं तिथून सुरू होतं, आणि त्या दिवसांबद्दल आपण फार कमी बोलतो.

हे गेल्यावर माझं आधी शरीर बिघडलं. जेवलं की मळमळ, पहाटे तीनला जाग, छातीत दडपण. डॉक्टरांनी पहिल्यांदा ईसीजी काढला आणि ते योग्यच केलं. मोठ्या धक्क्यानं हृदयावर खरोखर ताण येऊ शकतो. 'मनाचंच आहे' म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. माझा ईसीजी नॉर्मल निघाला. मग एकच ठरवलं, भूक असो-नसो, दोन्ही वेळा पानावर बसायचं. मऊ भात, तूप, मेतकूट. पण एकटीसाठी कुकर लावायला हात उचलत नसे. शेजारच्या वहिनींनी डबा पाठवला नाही, मला त्यांच्या ओट्याशी बोलावलं. "ताई, तुम्ही कोशिंबीर करा, मी पोळ्या लाटते." काकडी कोचताना मी पहिल्यांदा ह्यांच्याबद्दल बोलले. वहिनींचे ते उपकार फिटायचे नाहीत.

तुम्ही काय केलंत? उपदेश नको, घडलं ते लिहा.
(सातारा)

---

धाकटा भाऊ अपघातात गेला. पंचनामा, विम्याचे कागद, आईला सांभाळणं, सगळं माझ्यावर. रडायला सवडच नव्हती. एक मित्र रोज पहाटे दारात यायचा, "चल" म्हणायचा. कृष्णाघाटापर्यंत चालत जायचं आणि परत. कधी कधी सगळ्या वाटेत एक शब्द नाही. एकदा घाटावर कुणाचा तरी दहावा चालला होता, ते बघून मी खाली बसलो आणि हमसून रडलो. तो शेजारी बसून राहिला. 'रडू नको' म्हणाला नाही. त्या रात्री सलग झोप लागली.
(मिरज)

---

आई पुण्यात गेली. मला विमान मिळेपर्यंत वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकलं होतं, मी ते मोबाइलवर पाहिलं. दोन दिवसांनी ऑफिस. इथे जर्मनीत आईला ओळखणारं कुणीच नाही, त्यामुळे तिच्या आठवणी काढायलाही कुणी नाही. इथल्या समुपदेशक चांगल्या होत्या, पण 'आई दुपारी चहाला आधण ठेवून हाक मारायची' हे त्यांना समजावण्यातच तास जायचा. शेवटी महाराष्ट्रातल्या एका ताईंशी ऑनलाइन बोलायला लागले. त्यांनी आईचा गोडा मसाला करायला सुचवलं. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल भाजलं. नागकेशर काही मिळालं नाही. वास जिन्यात पसरला, वरची तुर्की शेजारीण विचारायला आली, आणि मी तिला आईबद्दल सांगत बसले.
(श्टुटगार्ट)

---

मला चालणं, भजन, कशानंच उतार पडला नाही. बाबा जाऊन वर्ष होत आलं तरी अंघोळ नकोशी, आणि झोपेतून उठूच नये असं वाटायचं. बहिणीनं 14416 लावून फोन हातात दिला. टेली-मानस, सरकारची मोफत सेवा, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" इतके महिने हे कुणी विचारलं नव्हतं. 'हो' म्हणाल्यावरच मला मोकळा श्वास घेता आला. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी थायरॉईड आणि बी-12 तपासून गोळी दिली. फरक दिसायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. सुरुवातीला नुसती मळमळ झाली. महिन्याभरानं एके दिवशी आपणहून डोक्याला तेल लावलं, तेव्हा बहीण रडली.
(नाशिक)

---

वरच्या नाशिकच्या ताईंना धरून लिहिते, मी समुपदेशन करते. दुःख लाटांनी येणं, सणाला उफाळणं हे स्वाभाविक आहे. पण सहा महिन्यांहून जास्त काळ ते रोजच तितकंच तीव्र राहिलं आणि कामधाम ठप्प झालं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या 11व्या आवृत्तीत त्याला वेगळं स्थान आहे आणि त्यावर उपचार आहेत. जीव द्यायचा विचार आला तर मात्र सहा महिने सोडाच, त्याच दिवशी मदत मागा.
(ठाणे)

---

मुलगा गेल्यावर आळंदीहून वारीला गेले. दिंडीत कुणी कारण विचारलं नाही. "माउली, पाणी घ्या" एवढंच. पाय इतके दुखायचे की रात्री तंबूत पडल्या पडल्या झोप. घरी आल्यावर दुःख तेवढंच होतं, पण अंगात ताकद आली होती.
(मंचर)

---

मी देव मानत नाही. पत्नीचं देहदान केलं, विधी केले नाहीत. 'सुटली बिचारी' हे वाक्य कृपा करून कुणाला ऐकवू नका. मला सावरलं ते तिच्या जास्वंदीच्या कुंड्यांनी. सकाळी पाणी घालायला उठावंच लागायचं.
(दापोली)

---

सासरे महिन्यापूर्वी गेले. सासूबाई कपाट उघडू देत नाहीत, नातेवाईक म्हणतात कपडे देऊन टाका. काय करू?
(अकोला)

अगं, कपड्यांची घाई करू नकोस. त्या म्हणतील तेव्हा, त्यांच्याच हातानं. झोपेच्या, दुखण्याच्या उरलेल्या गोळ्यांची पिशवी मात्र त्यांना सांगून आजच घराबाहेर काढ. आणि दुपारी त्यांना भाजी निवडायला जवळ बसव.
(सातारा)