मदत हवी आहे: १४३ गेम पडून आहेत, रात्रीच्या सव्वा तासात आधी कोणता लावू?

वाळ्याची_ताटी | सोमवार, रात्री १०:४२

स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) १४३ गेम आहेत, एपिकवर (तसंच दुसरं दुकान) दर गुरुवारी फुकटात उचललेले वेगळेच. गाळत गाळत आठांवर आलो, पण त्यातला आधी कोणता लावू हेच समजून नाही राहिलं.

विचर ३, रेड डेड रिडेम्प्शन २, एल्डन रिंग, हॉलो नाइट, हेडीस, डिस्को एलिझियम, आउटर वाइल्ड्स, राजी.

मशीन: लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी), रॅम ८ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, पैकी १७० जीबी मोकळी. कंट्रोलर नाही.
वेळ: सोमवार ते गुरुवार रात्री १० ते सव्वाअकरा, रविवारी दुपारी तीन तास.
जागा: नागपूर, वरचा मजला, एसी नाही, कूलर आहे. मे चालू आहे, पुढचं समजून घ्या. लाइट आठवड्यातून दोनदा तरी जाते. गेम चालू असताना बॅटरी जेमतेम ४० मिनिटं.

कथा असलेले आवडतात. चाखून सोडायचे नाहीत, संपवायचे आहेत. "हे सगळं सोड, अमुक नवीन घे" असं कृपया कोणी सांगू नका.

झिरोमाइल | सोमवार, रात्री ११:२०

प्रश्न नीट मांडलाय, त्यामुळे उत्तर देता येतं. बहुतेक लोक आधी हाउलाँगटूबीटवर (गेम संपवायला किती तास लागतात ते सांगणारी साइट) तास बघतात आणि तिथेच फसतात. गेम एकूण किती तासांचा, हे नंतर पाहा. सव्वा तासात तो कुठे थांबू देतो, हे आधी पाहा. ५० तासांचा गेम कुठेही सेव्ह होत असेल तर सुखाने संपतो. २० तासांचा गेम पाऊण तास अडकवून ठेवत असेल तर तिसऱ्या आठवड्यात सुटतो.

त्या हिशेबाने तुमच्या आठांपैकी सात:

हेडीस: एक फेरी साधारण २० ते ४० मिनिटांची. फेरीच्या मधेच बाहेर पडलात तरी त्याच दालनाच्या सुरुवातीपासून पुढे चालू होते. मात्र मेनूत "गिव्ह अप" दाबू नका, त्याने फेरीच संपते, "क्विट" दाबा.

हॉलो नाइट: मेल्यावर किंवा पुन्हा सुरू केल्यावर जाग यायची जागा म्हणजे बाक. पुढचा बाक दिसेपर्यंत उठवत नाही, म्हणून अकरा वाजले की नवीन वाट धरायची नाही.

डिस्को एलिझियम: संवाद चालू नसेल तेव्हा कुठेही सेव्ह. तुमच्या वेळेला सगळ्यात सोयीचा.

विचर ३: लढाई आणि दृश्यं सोडून कुठेही सेव्ह.

रेड डेड २: मोहिमेच्या मधे हाताने सेव्ह करता येत नाही. चेकपॉइंट असतात, पण ते मेलात तर तिथून उठवण्यापुरते. गेम बंद केला की मोहीम पहिल्यापासून. सव्वा तासात एक मोहीम बसते, दुसरीला हात घालू नका.

आउटर वाइल्ड्स: २२ मिनिटांचं चक्र, म्हणजे कागदावर तुमच्यासाठीच बनवलेला. पण याची सगळी गंमत दुवे डोक्यात ताजे असण्यात आहे. जहाजातली नोंदवही मदत करते, तरी आठ दिवसांचा खाडा पडला तर धागा हातातून जातो. सुट्टी असेल त्या आठवड्यासाठी ठेवा. शिवाय उडवायला कंट्रोलर हवाच असं माझं मत.

एल्डन रिंग: खरा पॉज नाही. किमान रॅम १२ जीबी मागतो, तुमच्याकडे ८. यादीतून काढा. रॅम वाढली की परत बघू.

सावजी_रस्सा | मंगळवार, सकाळी ८:०५

एवढा अभ्यास काहून करता बाप्पा, राजी लावा आणि मोकळे व्हा. पाच-सहा तासांचा आहे, दोन रविवारात हातावेगळा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा. दुर्गा आणि विष्णू बोलत असतात, राजस्थानी वाडे-किल्ले आहेत. आठातला एक कमी झाला की पुढच्याला हुरूप येतो.

एक सांगून ठेवतो. कॅमेरा तुमच्या हातात नाही, त्यामुळे काही उड्यांचा अंदाज चुकतो. पडलात तर तिथूनच उठवतो, चिडू नका.

फुटाळ्याकाठी | मंगळवार, दुपारी १:१५

सगळे सेव्हबद्दल बोलून राहिले, गरमीबद्दल कोणीच नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो. तिथे १६५० चा लॅपटॉप रेड डेड चालवतो तेव्हा पहिली पंधरा मिनिटं झकास जातात, मग प्रोसेसर ९५ अंशांच्या पुढे गेला की स्वतःचा वेग उतरवतो आणि चित्र अडखळतं. लोकांना वाटतं गेम खराब आहे. गेम ठीक असतो, मशीन धापा टाकत असते.

हे करा:

१. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेल, मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, मॅक्स फ्रेम रेट (सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं काढायची): हलक्या गेमला ६०, जडला ४०. मर्यादा नसेल तर हेडीससारखा हलका गेमसुद्धा कारण नसताना शेकडो फ्रेम काढत बसतो आणि पंखा बोंबलतो.

२. पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के. त्याने टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. तुमच्या आठातल्या हलक्या गेमना फरक कळणारही नाही, तापमान मात्र चांगलंच उतरतं. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. नसेल दिसत तर पहिल्यावरच भागवा.

३. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. गादीवर, उशीवर अजिबात नाही, हवा खालून आत जाते.

४. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. खोली थंड करायला कूलर उत्तम, पण झोतासोबत बारीक तुषार येतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या पॅडवर जो पांढरा थर धरतो, तोच थर पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) जाळीत बसतो. कूलर एका भिंतीला, लॅपटॉप काटकोनात दुसऱ्या भिंतीला, आणि समोरची खिडकी अर्धी उघडी. खिडकी बंद असली तर कूलर नुसता दमटपणा करतो.

म्हणून माझं मत: रेड डेड आणि विचर पाऊस चांगला लागेपर्यंत थांबवा, रेड डेड तर सरळ दिवाळीनंतर. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत डिस्को आणि हॉलो नाइटच.

झिरोमाइल | मंगळवार, दुपारी २:००

फुटाळ्याकाठी यांना पूर्ण अनुमोदन. लाइटचंही सांगतो. लाइट गेली तर लॅपटॉप बंद पडत नाही, पण राउटर पडतो. अशा वेळी गेम बंद केलात तर क्लाउडवर (स्टीमच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) सेव्ह चढत नाही. नंतर स्टीम विचारतो, या मशीनवरचं ठेवू की क्लाउडवरचं. घाईत क्लाउड दाबलं की कालची रात्र पुसली. दोन्हीच्या खाली तारीख-वेळ असते, ती वाचा आणि अलीकडचं ठेवा.

बॅटरीवर ग्राफिक्सचा वेगही पडतो. लाइट गेली की सेव्ह करायचं आणि उठायचं, लढाई पूर्ण करत बसायचं नाही.

सांबारवडी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

जागेचा हिशेबही करा. ५१२ ची एसएसडी विंडोजला दिसते ४७६, आणि मोकळी १७०. रेड डेडची अधिकृत मागणीच १५० जीबी. तो एकटा बसला की बाकी सगळे बाहेर. आणि ४० एमबीपीएसच्या लाइनवर त्याचं १२० जीबीचं डाउनलोड उतरवायला सहा-सात तास लागतात. म्हणजे "आज लावून बघू" हा प्रकारच नाही.

वेळ तुमच्याकडे आठवड्याला ८ तास. मुख्य कथेपुरते आकडे धरले तर डिस्को २२-२४ तास म्हणजे तीन आठवडे, हॉलो नाइट २७ म्हणजे साडेतीन, विचर ५० च्या पुढे म्हणजे साडेसहा. विचरची दोन्ही विस्तार-पॅक धरली तर साडेनऊ. डिस्कोत वाचन प्रचंड आहे. इंग्रजी सावकाश वाचत असाल तर चार आठवडे धरा.

एका वेळी दोनच गेम ठेवा, आणि दोन्ही वेगळ्या जातीचे. हॉलो नाइट आणि हेडीस एकत्र घेऊ नका. दोन्हीत बोटं घाईची, पण वार आणि झेपेची बटणं वेगळी. एकातली सवय दुसऱ्यात मारते. हेडीसमध्ये तर एकदा सुटून भागत नाही, श्रेयनामावली दिसायला दहा वेळा...

सावजी_रस्सा | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

स्पॉइलर! अहो झाकून लिहा की.

सांबारवडी | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

चुकलं. पण ज्याला वेळेचा हिशेब करायचाय त्याला हे माहीत हवंच, म्हणून ठेवतो.

वाळ्याची_ताटी | मंगळवार, रात्री १०:०८

सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतो: रात्री हॉलो नाइट, रविवारी डिस्को. राजी मधे कधीतरी. पण खरं सांगायचं तर मन विचरवर आहे. जूनअखेर लावला तर चालेल का? आणि १, २ न खेळता ३ कळतो का?

फुटाळ्याकाठी | मंगळवार, रात्री १०:३५

वाटणी उलटी करा. रात्री डिस्को, रविवारी हॉलो नाइट. दिवसभराच्या कामानंतर बोटं सुस्त असतात, त्यात हॉलो नाइटचा एखादा बॉस (मोठा शत्रू) पंधरा वेळा मारतो आणि सव्वा तास शून्यात जातो. रविवारचे तीन तास त्याला पुरतात.

विचर जूनअखेर चालेल, पाऊस लागला असेल तर. १ आणि २ ची गरज नाही. नवीन खेळ सुरू करताना दुसऱ्या भागाचं सेव्ह "सिम्युलेट" करायचं का असं विचारतो. "हो" ठेवलं तर पुढे एका संभाषणात आधीच्या घडामोडींचे प्रश्न येतात. काहीच माहीत नसेल तर "नाही" ठेवा, अडत काही नाही.

तुमच्या मशीनवर मोठी चूक एकच होते. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर सुरू करताना डायरेक्टएक्स (चित्र काढायची विंडोजची यंत्रणा) ११ की १२ असा पर्याय येतो. ४ जीबीच्या १६५० वर १२ अडखळतो. ११ निवडा, हेअरवर्क्स (केसांचे जड इफेक्ट) बंद, फ्रेम ४०. तरी जड वाटला तर स्टीमवर प्रॉपर्टीज, बीटाज मध्ये जुनी १.३२ आवृत्ती मिळते, ती हलकी आहे. दोन्ही आवृत्त्यांची सेव्ह मिसळू नका. आधी ठरवा, मग सुरुवात करा.

आणि विचरमधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांच्या मागे होडी घेऊन फिरू नका. बहुतेक ठिकाणी तस्करांचे बुडलेले पेटारेच निघतात. ५० तासांचे ९० होतात ते तिथेच.

झिरोमाइल | मंगळवार, रात्री १०:५०

डिस्कोसाठी दोन गोष्टी. एन्ड्युरन्स (शरीराचा टिकाव) आणि व्हॉलिशन (मनाचा टिकाव) ही कौशल्यं एकवर ठेवून सुरुवात करू नका, पहिल्याच खोलीत खेळ आटोपू शकतो. आणि पांढरा चेक (फाशावर ठरणारी कौशल्याची परीक्षा) हुकला तर त्या कौशल्यात एक पॉइंट घातल्यावर पुन्हा उघडतो. लाल चेक एकदाच. म्हणून मिळालेले पॉइंट लगेच वाटून टाकू नका, एखादा खिशात ठेवा.

बाकीचे १३५ नजरेआड करा. स्टीममध्ये "आत्ता" नावाचं कलेक्शन बनवा, त्यात दोनच गेम, आणि वरच्या फिल्टरने फक्त इन्स्टॉल असलेले दाखवा. जूनअखेर उन्हाळी सेल येतो तेव्हा विशलिस्टवर टाका, विकत घेऊ नका.

वाळ्याची_ताटी | मंगळवार, रात्री ११:१०

मान्य. हॉलो नाइट आत्ताच दहा मिनिटं लावून पाहिला. वर + डावीकडे + वार एकत्र दाबलं की वार होतच नाही. आणि नकाशात मी कुठे आहे तेच दिसत नाही. बग आहे का?

सांबारवडी | मंगळवार, रात्री ११:२४

दोन्ही बग नाहीत. पहिलं कीबोर्डचं: स्वस्त लॅपटॉपचे कीबोर्ड ठरावीक तीन बटणं एकत्र घेत नाहीत. मूळ मांडणी बाणांची बटणं आणि झेड, एक्स, सी अशी आहे. सेटिंग्जमध्ये हालचाल डब्ल्यू-ए-एस-डी वर घ्या, उडी स्पेसवर आणि वार जे वर. नोटपॅड उघडून तीच तीन बटणं एकत्र दाबून पाहा, तिन्ही उमटली पाहिजेत. डब्ल्यू-ए-जे नसेल उमटत तर वार के वर न्या.

दुसरं: कॉर्निफरकडून (गेममधला नकाशे विकणारा) नकाशा घेतला तरी तो अर्धाच. डर्टमाउथ गावात इसेल्डाच्या दुकानातून लेखणी घ्या, १२० जिओ (गेममधलं चलन). ती असल्याशिवाय नवीन भाग नकाशात चढत नाही, आणि चढतो तोही बाकावर बसल्यावरच. स्वतःची जागा दिसायला कंपासचा चार्म (अंगावर लावायचा ताईत), २२० जिओ, तोही बाकावर बसूनच लावायचा. आधी लेखणी घ्या. आणि एवढे जिओ जमले की पुढे न जाता सरळ मागे फिरा. मेलात तर सगळे जिओ तिथेच तुमच्या सावलीकडे राहतात, आणि तिथे पोचायच्या आत दुसऱ्यांदा मेलात तर गेलेच.